केबल बदलून काय होणार?

तिसरी केबल आणलीस? शाब्बास. दुकानदाराचं घर चालवायचा विडा उचललायस का? सिरियल पोर्टवरून टर्मिनलवर कचरा उमटतोय, तर म्हणे केबल खराब. परवा बोर्ड खराब होता. उद्या लॅबची वीज खराब असेल. तुझा कोड कधी खराब असणार आहे?

"पण सर, एम्युलेटरवर चालतं." चालणारच! तिथे ना तार, ना वेग. वेगाचा भाजक काहीही भर, अक्षर जसंच्या तसं उतरतं. एम्युलेटर म्हणजे तुझी आजी आहे, सगळं पोटात घालते. खरी चिप घालत नाही.

बस इथे. भाजकाच्या जागी १ कोणी लिहिला? कुठून उचललास? तुझं टर्मिनल किती वेगावर आहे? ९६००. घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झचं. १६ने भागलं की १,१५,२००. मग ९६०० साठी भाजक किती? बारा! झालं ना तोंडी? हेच तीन केबलींआधी करायला हात दुखत होते?

आता खालची ओळ. लाइन कंट्रोल रजिस्टरात ३ लिहिलायस. का? गप्प. अरे, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, हे तर झालंच. पण भाजक भरायला १ केलेला वरचा सातवा बिट त्याच ३ने पुन्हा शून्य होतो. तो १ च राहिला, तर तू पाठवलेलं प्रत्येक अक्षर भाजकातच जाऊन पडेल. ओळ बरोबर आहे, पण ती तुझी नाही. उसनी आहे.

लिनक्सचा ८२५० ड्रायव्हर वाच. कॉम-१ चा पत्ता ३एफ८, हे पीसीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी तो गृहीत धरत नाही. इंटरप्टच्या रजिस्टरात लिहितो, परत वाचून बघतो. काही पोर्टांवर तर लूपबॅक लावून मॉडेम कंट्रोलचे बिट स्टेटसमध्ये फिरून येतात का, तेही तपासतो. मगच म्हणतो, पोर्ट आहे. आणि तू? कोड नुसता चिकटवलास आणि हात झटकलेस.

कर्नल सुरुवातीलाच मेला, तर तेव्हा पडदा नसतो, काही नसतं. मरताना बोलायला सिरियल पोर्ट हे एकच तोंड. त्यातच तू बोळा कोंबलास! ढ असतास तर एक शब्द बोललो नसतो.

केबल परत करून ये. उद्या दहाला बोर्डावर दाखवायचं. एम्युलेटर उघडलास तर बाहेर. प्रत्येक ओळ का आहे, ते तोंडी विचारणार आहे.