तेच तेच का करतो तो?



येशू यरीहोतून बाहेर पडत असता बार्तीमय नावाचा आंधळा वाटेच्या कडेला बसून हाका मारू लागला. लोकांनी दटावले, तसा तो तेच शब्द अधिकच मोठ्याने ओरडू लागला (मार्क १०:४६-५२). येशू थांबला. त्याने विचारले, तुला काय हवे?

आपल्या मिस्सेला स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुलेही येतात. एखादे मूल पुढेमागे झुलते, हात फडफडवते, एकच शब्द घोकत राहते. लगेच माना वळतात. "जरा वळण लावा," असे कुणी पुटपुटते. दोन-चार रविवारांनंतर ते कुटुंब दिसेनासे होते.

हा हट्ट नव्हे, आईबापांच्या लाडाचा परिणाम तर नव्हेच. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांविषयी लिहिले. सारे जसेच्या तसे राहावे ही त्या मुलांची धडपड त्यांनी तेव्हाच टिपली होती. लाउडस्पीकर, पंख्यांची घरघर, गर्दी, अत्तराचा वास हे सारे आपले मन बाजूला सारते. यांतल्या अनेक मुलांवर ते एकदम कोसळते. अशा वेळी झुलण्याची ठरावीक लय आधार देते. कधी आनंद मावत नाही म्हणूनही हात फडफडतात. "तुला पाणी हवे?" असे पुन्हा पुन्हा म्हणणारे मूल बहुधा स्वतःच तहानलेले असते, ऐकलेल्या वाक्यातूनच ते मागते. हात बळेच धरून ठेवले, तर त्याचा आधार जातो, घालमेल तशीच राहते. मात्र मूल डोके आपटू लागले, स्वतःला चावू लागले, तर कान किंवा दात दुखतो का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

आणि पुनरुच्चार आपल्याला तरी कुठे परका आहे? रोजरीत आपण एकच प्रार्थना ५३ वेळा म्हणतो! गेथशेमाने बागेत येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली (मत्तय २६:४४).

नोव्हेंबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमध्ये स्वमग्न मुलांना व त्यांच्या कुटुंबियांना भेटले. या कुटुंबांचे एकटेपण संपवा, असे त्यांनी कळकळीने सांगितले होते. आपण बाजूच्या दाराजवळचे बाक त्यांच्यासाठी मोकळे ठेवू. कानांवर हेडफोन असलेले मूल गाणी ऐकते आहे, असे समजू नये. ते आवाज कमी करण्यासाठी असतात. घंटी आणि गायन केव्हा होणार, हे आईला आधी सांगितले तर ती मुलाला तयार करू शकते. आणि जे कुटुंब येईनासे झाले आहे, त्यांच्या घरी या आठवड्यात जाऊन या.