विसर आणि हक्क

दोघांचे नाते एकाने जपून ठेवावे आणि दुसऱ्याने विसरून जावे, अशी वेळ आली असता ते पुन्हा जोडण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु त्याचे एक नवे उदाहरण हल्ली आमच्या मनगटावर येऊन बसले आहे. रायपूरच्या सरकारी कचेऱ्यांतून स्मार्टवॉच बांधणारे आता पुष्कळ झाले आहेत. त्यांपैकी एखाद्याने नवा फोन घेतला की घड्याळ त्या फोनशी जुळत नाही, ही तक्रार मधल्या सुटीत हमखास ऐकू येते.

तक्रारीचे मूळ बहुधा साधे असते. ब्लूटूथने दोन यंत्रांची प्रथम ओळख होते तेव्हा त्यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते आणि तिची प्रत दोघेही आपल्यापाशी ठेवतात. पुढच्या भेटीत या किल्लीवरूनच एकमेकांची खूण पटते. आता फोनने आपली प्रत टाकून दिली आणि घड्याळाने मात्र ती जपली, किंवा याच्या उलट झाले, तर कितीही प्रयत्न केले तरी जोडणी होत नाही. गंमत अशी की, यात दोघांपैकी एकही बिघडलेला नसतो. एक विसरला आहे आणि दुसरा विसरलेला नाही, एवढेच.

उपायांनाही एक क्रम आहे. घड्याळ पुरते चार्ज करावे, दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत, फोनच्या ब्लूटूथ यादीतून न जाता घड्याळाच्या स्वतःच्या अॅपमधून जोडणी करावी, आणि अँड्रॉइड फोन असल्यास त्या अॅपला जवळची उपकरणे शोधण्याची परवानगी दिली आहे की नाही ते पाहावे. एवढ्याने भागले नाही तर जुनी नोंद दोन्हीकडून पुसावी आणि नव्याने ओळख करून द्यावी. घड्याळ मूळ स्थितीला नेणे हा शेवटचा उपाय. कारण त्यात घड्याळात साठलेले आणि फोनकडे अद्याप न पोहोचलेले सारे पुसले जाते. लहान उपायाने काम होत असता मोठा करू नये, हा नियम यंत्रापुरताच आहे असे आम्हांस वाटत नाही.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींना हे सारे ओळखीचे वाटावे. दिवाळीच्या रजेत आम्ही घरी जातो, तो खिडकीजवळच्या आमच्या खाटेच्या जागी पुतण्याचे अभ्यासाचे टेबल आलेले असते. मनाला लागते. आमच्यापाशी जुनी किल्ली असते, पण घराने कुलूप बदललेले असते. त्याच घरात आई मात्र आम्ही दहा वर्षांपूर्वी सोडलेला पदार्थ अगत्याने वाढते. तिथे किल्ली तिच्यापाशी असते आणि विसरलेले आम्ही असतो. दोन्हीकडे प्रेम आहे, अपराध कोणाचाच नाही, आणि तरीही काही केल्या जुळत नाही.

मग यंत्राप्रमाणे माणसांनीही दोन्हीकडून सारे पुसून टाकावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. यंत्राची आठवण आणि यंत्राचा हक्क ही एकच वस्तू असते. किल्ली गेली की दोन्ही गेली. माणसाचे तसे नाही. घर आम्ही सोडले तसेच राहावे, हा आमचा हक्क आम्ही खाली ठेवू शकतो. मुलगा गेला तसाच परत यावा, हा हक्क आईही खाली ठेवू शकते. असे केल्याने स्मृतीला धक्का लागत नाही. पुसावयाचा तो हक्क, स्मृती नव्हे. किंबहुना हक्क सुटला म्हणजेच आठवणीतला कडवटपणा जातो.

रायपूरचाच इतिहास पाहावा. 1956 पर्यंत हे शहर मध्यप्रांत व वऱ्हाडातून पुढे झालेल्या मध्यप्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राजधानी भोपाळ झाली. पुढे 2000 साली त्याच तारखेला छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूरच राजधानी बनले. शासनाची जोडणी अशी एका तारखेला तुटते व दुसरी जडते, कारण तिची नोंद दोन्हीकडच्या दप्तरांत होते. माणसांच्या नात्यांना असे राजपत्र नाही. नागपूरशी ज्यांचे सोयरसंबंध होते, ते सरकारी हुकुमाने तुटणारे नव्हते. ते टिकवायचे तर कोणीतरी गाडीत बसून जाणेच भाग होते.

आता आरंभ कोणी करावा? ब्लूटूथमध्ये एकाने आपण येथे आहोत असे जाहीर करावे लागते आणि दुसऱ्याने शोधावे लागते. दोघेही नुसते शोधत राहिले, किंवा दोघेही नुसते वाट पाहत राहिले, तर हातभर अंतरावर असूनही भेट होत नाही. आमच्या मते आरंभाचे कर्तव्य निघून गेलेल्याचे आहे. मागे राहिलेल्याचा पत्ता कायम असतो. ज्याचा पत्ता बदलतो, त्यानेच तो कळवावा, हा तर कचेरीचाही शिरस्ता आहे. पुतण्याचे टेबल हलविण्याचा आग्रह न धरता त्याच्याशेजारी सतरंजी टाकून बसावे आणि तो काय शिकतो आहे ते विचारावे.

तथापि या कर्तव्यालाही मर्यादा आहे. जोडणीच्या वेळी पुष्कळदा दोन्ही पडद्यांवर सहा आकड्यांची एकच संख्या उमटते आणि ती जुळत असल्याची संमती दोन्हीकडे द्यावी लागते. मध्ये तिसरा कोणी शिरलेला नाही, याची ती खात्री असते. माणसांतही दुसऱ्याच्या वतीने संमती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण आपली द्यावी, दुसऱ्याची राहिली तर रागावू नये, आणि पुन्हा विचारण्याची लाजही धरू नये.