मापे घेणारा सखा

कार्तिक आला की वारकऱ्याच्या मनात दोन गावे जागी होतात. शुद्ध एकादशीला पंढरी आणि वद्य पक्षात आळंदी. आमच्या रत्नागिरीकडे आषाढ म्हणजे भाताची लावणी. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस वारीला निघणार कसा? म्हणून आमच्या मंडळींची वारी कार्तिकीची. आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरज, सांगोले करीत आम्ही पंढरीस जातो. यंदाही गेलो. पण टाळकऱ्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. तेथे उभा राहणारा आमचा सखा श्रावणात वैकुंठवासी झाला.

त्याचे नाव येथे देत नाही. त्याला ते आवडले नसते. धंद्याने तो शिंपी. बाजारात एका मशीनचे दुकान. "आमच्या नामदेवाने देवाला जेवायला लावले, मी गिऱ्हाइकाला थांबायला लावतो," असे तो स्वतःच सांगे आणि हसे.

एका एकादशीस आमचे कीर्तन चांगले रंगले. अहंकार कसा सोडावा यावर आम्ही दोन तास बोललो. उतरल्यावर मोठ्या आशेने त्याला विचारले, "कसे काय झाले?" तो म्हणाला, "झकास झाले वो बुवा! पण देव मधेच उठून गेला. पाट एकच होता, नि त्यावर तुमी बसलात." मंडळी हसली. आम्ही रुसलो. आणि सज्जनहो, सांगायला लाज वाटते, पण वर्षभर आम्ही त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र प्रत्येक कीर्तनास येऊन मागे टाळ धरीत राहिला.

त्याच वर्षी दिंडीच्या हिशेबात काही रुपयांचा मेळ बसेना. कुजबूज सुरू झाली; बोट आमच्याकडे होते. बैठक भरली. ज्यांना आम्ही आपले मानले ते खाली मान घालून बसले. तेव्हा हा उठला. म्हणाला, "बुवांचा अहंकार केवढा, ते माप माझ्याकडे आहे, तो लपवीत नाही. पण त्यांचा खिसाही मीच शिवलाय. त्याला तळ नाही. कोण भुकेला दिसला की हात आत जातो नि रिकामा होतो. त्या खिशात दिंडीचा पैसा टिकेल कसा? वही पुन्हा बघा." वही पुन्हा पाहिली. एक रक्कम दोनदा खर्ची पडली होती. आम्ही त्याचे पाय धरायला गेलो, तर म्हणतो कसा, "ऱ्हवदे. पायांचे माप चांभार घेतो."

त्याला अग्नी देताना आम्हास रडू आवरले नाही. शेजारी एक तरुण होता. त्याने विचारले, "बुवा, आत्मा अमर म्हणून तुम्हीच सांगता ना? मग रडता कशाला?" त्या वेळी उत्तर सुचले नाही. पण प्रश्न खरा आहे, म्हणून आज त्याचा विचार करू.

शके 1218, म्हणजे सन 1296, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानोबा माउलींनी आळंदीस समाधी घेतली. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली होती. नामदेवराय वयाने पाच वर्षांनी वडील. त्यांच्या नावावर असलेले समाधीचे अभंग वाचा. त्यांत ज्ञानी मनुष्याचा कोरडेपणा नाही, सखा गेल्याची तळमळ आहे. आता नामदेवांना आत्म्याचे अमरत्व ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

मोह आणि प्रेम दोघांच्याही डोळ्यांत पाणी येते. फरक पुढे दिसतो. मोह दार लावून घेतो. प्रेम डोळे पुसते आणि गेलेल्याचे काम उचलते. नामदेवराय पुढे चोपन्न वर्षे जगले आणि नामाचा झेंडा पार पंजाबात घेऊन गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आजही आहेत. त्या रडण्यातून एवढे निघाले!

आणखी एक पाहा. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, अशी परंपरा आहे. नामदेवही रुसले, तक्रार घेऊन पांडुरंगाकडे गेले. देवाने समजूत नाही घातली, विसोबा खेचरांकडे पाठविले. ते थापटणे बसले नसते तर गुरू भेटले नसते. आमच्या सख्याची थट्टा हे आमचे थापटणे होते. आम्ही वर्षभर रुसण्यात घालविले, ते वर्ष आता कोठून परत आणावे?

तोंडावर थट्टा करणारे पुष्कळ, पाठीमागे स्तुती करणारे थोडे. समोर आमचा दोष आणि चार लोकांत आमची बाजू, ही दोन्ही मापे ज्याच्या एका टेपेत असतात, तो सखा देवानेच धाडलेला समजावा. माउलींनी पसायदानात जीवाजीवांची मैत्री मागितली, ती अशा माणसांकडे पाहिले की कळते.

तेव्हा त्या तरुणास आमचे उत्तर एवढेच: बाबा, रडू दे, पण पुढच्या कार्तिकीस त्या रिकाम्या जागी तू टाळ घेऊन उभा राहा. आमचे कीर्तन ऐक आणि पाटावर कोण बसला आहे, ते हसत हसत सांग. या खेपेस आम्ही रुसणार नाही.

आणि वाचक माउलींनो, तुमचा असा कोणी सखा रुसव्यात दूर ठेवलेला असेल, तर आळंदीची त्रयोदशी येण्याच्या आत त्याच्या दारी जा.

रामकृष्णहरी.