दुसऱ्या बाळाची वाट

बायबलमध्ये, उत्पत्तीच्या 38व्या अध्यायात, तामार नावाच्या बाईचं बाळंतपण आहे. पोटात जुळी. कळा चालू असताना एका बाळाचा हात बाहेर येतो. सुईण त्या हाताला लाल दोरा बांधते, म्हणजे पहिलं कोण यावरून पुढे वाद नको. पण ते बाळ हात आत ओढून घेतं आणि त्याचा भाऊच आधी जन्माला येतो. दोरा बांधलेला मागून येतो. पेरेस आणि जेरह ही त्यांची नावं. श्रद्धेने वाचणारे यात वंशाचा वारसा पाहतात. माझी नजर त्या सुईणीवरून हलत नाही. आडवं पडलेलं बाळ, बाहेर आलेला हात आणि आत वाट पाहणारं दुसरं बाळ. आजच्या प्रसूतितज्ज्ञालाही घाम फुटेल असा हा प्रसंग, आणि त्या बाईजवळ होतं काय, तर दोन हात आणि एक दोरा.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, त्यात हा अध्यायही आलाच. याच रमाबाई 1886च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर होत्या. आनंदीबाईंनी डॉक्टर होताना प्रबंधाचा विषय निवडला होता आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेल्या मुलीने हा विषय निवडावा, यात मला नवल वाटत नाही. त्या परंपरेतल्या सुश्रुताने मूढगर्भावर, म्हणजे वाटेत अडलेल्या गर्भावर, स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. बीज आत वायूने दुभंगलं की दोन जीव होतात, अशी जुळ्यांची उपपत्तीही त्याने दिली आहे. आणि आई अकस्मात गेली पण पोटात हालचाल दिसते आहे, तर वैद्याने तत्काळ पोट फाडून मूल बाहेर काढावं, असंही सांगितलं आहे. पोट फाडून बाळंतपण करायचा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. मात्र तो आई गेल्यानंतरचा.

जिवंत बाईचं पोट उघडून ती आणि बाळ दोघंही सुखरूप राहतील, ही खात्री फार अलीकडची. 1882 साली जर्मनीत माक्स झेंगरने गर्भपिशवीवरचा काप नीट शिवून बंद करण्याचा आग्रह धरला. आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्याच्या पुढच्या वर्षी. भूल, निर्जंतुकीकरण, रक्तपेढी, प्रतिजैविकं हे सगळं जमून यायला आणखी अर्धं शतक गेलं. तेव्हा जुळी पोटात असलेल्या बाईला ‘नॉर्मल की सिझर’ असं विचारता येणं हीच मुळात नवी गोष्ट आहे. हजारो वर्षं ज्या प्रश्नाला जागाच नव्हती, तो आज दवाखान्यात पाच मिनिटांत उरकला जातो, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या भाचीचा तो असाच उरकला गेला. सोनोग्राफीचा कागद बघता बघता डॉक्टर म्हणाल्या, ‘‘जुळी आहेत ना? मग सिझरच.’’ सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘‘चांगला दिवस बघून सांगतो.’’ नवरा विम्याचं विचारायला उठला. भाची मध्ये बसली होती, दोन जिवांची नव्हे, तीन जिवांची, आणि तिला कोणी काही विचारलंच नाही. संध्याकाळी मला म्हणाली, ‘‘मावशी, सिझर नको असं नाहीये गं माझं. पण का, ते तरी कळू दे ना.’’

त्या ‘का’चं उत्तर मी वाचत गेले, तज्ज्ञांना विचारत गेले. ते असं आहे.

आधी पाहायचं, दोघांची वार एक आहे की दोन, आणि दोघं एकाच पाण्याच्या पिशवीत आहेत का. हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत सर्वांत स्वच्छ कळतं. पुढे पडदे पातळ होतात, गर्दी वाढते, ओळखणं अवघड होतं. त्या कागदावरची ती एक ओळ जपून ठेवावी, पुढचं पुष्कळसं तिच्यावर ठरतं. दोघं एकाच पिशवीत असतील तर नाळा एकमेकींत गुंततात. तिथे चर्चा नाही, 32 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान सिझेरियन करतात. बाहेरच्या वाटेपाशी असलेलं पहिलं बाळ पायाळू किंवा आडवं असेल, तरी बहुतेक ठिकाणी सिझेरियनच. पहिलं पायाळू आणि दुसरं डोक्याकडून असेल, तर क्वचित दोघांच्या हनुवट्या एकमेकींत अडकतात. क्वचितच, पण तेवढ्यासाठी ती जोखीम कोणी घेऊ नये. आईला गंभीर आजार असेल, वार खाली असेल, एखाद्या बाळाची वाढ खुंटली असेल, तर तो विचार वेगळा.

खरा प्रश्न उरतो तो उरलेल्या बायांचा, आणि त्या थोड्या नाहीत. पिशव्या वेगळ्या, पहिल्या बाळाचं डोकं खाली, दिवस भरत आलेले. इथे दोन्ही वाटा खुल्या असतात. भीती असते ती दुसऱ्या बाळाची. स्कॉटलंडमधल्या जन्मनोंदींवरून 2002 साली दिसलं, की पूर्ण दिवसांच्या जुळ्यांत जन्माच्या वेळी दगावण्याचा धोका पहिल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त असतो. पहिलं बाहेर आलं की आत जागा मोकळी होते, दुसरं फिरतं, कधी त्याच्याआधी नाळ घसरते, कधी वार सुटायला लागते. मग सरसकट सिझेरियन केलं तर दुसरं बाळ वाचेल का?

याचं उत्तर शोधायला टोरांटोच्या डॉ. जॉन बॅरेट यांच्या नेतृत्वाखाली 25 देशांतल्या 2,804 बाया एका चाचणीत आल्या. निम्म्यांसाठी चिठ्ठी सिझेरियनची निघाली, निम्म्यांसाठी कळांची. 2013 साली निष्कर्ष छापून आला. बाळ दगावलं किंवा त्याला गंभीर इजा झाली, असं प्रमाण ठरवून केलेल्या सिझेरियनच्या गटात शेकडा 2.2 आणि कळांची वाट धरलेल्या गटात शेकडा 1.9. हा फरक इतका किरकोळ, की संख्याशास्त्र त्याला फरकच म्हणत नाही. मुलं दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही दोन्ही गट सारखेच. फ्रान्समध्ये जुळ्यांना कळांनीच जन्म देण्याची रीत टिकून आहे. तिथे जवळजवळ सहा हजार बायांच्या नोंदी पाहिल्या, तर ठरवून केलेल्या सिझेरियनच्या गटातच बाळांना त्रास अधिक झालेला दिसला, विशेषतः 37 आठवड्यांच्या आतल्या. तो चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास नव्हता, म्हणून मी त्याला कॅनडाच्या चाचणीइतकं वजन देत नाही. पण ‘जुळी म्हणजे सिझरच’ या वाक्याला आधार दोन्हींपैकी कशातच सापडत नाही.

मात्र त्याच चाचणीतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कळांची वाट धरलेल्या शंभर बायांतल्या जवळजवळ 44 जणींचं शेवटी सिझेरियनच झालं. चारेक जणींचं तर पहिलं बाळ खालून आणि दुसरं पोटातून आलं, म्हणजे दोन्हीकडचे टाके एकाच बाईला. ‘नॉर्मल करून देतो’ असा शब्द जुळ्यांच्या बाबतीत कोणीच देऊ नये, आणि कोणी दिला तर त्यावर विसंबू नये. ठरवायचं असतं ते कुठून सुरुवात करायची एवढंच.

दुसरी गोष्ट याहून मोठी. त्या चाचणीत प्रत्येक ठिकाणी जुळ्यांच्या बाळंतपणाचा अनुभव असलेला तज्ज्ञ हजर असणं ही अट होती. पहिलं बाळ जन्मल्यावर खोलीत काय घडतं, ते एकदा बारकाईने पाहायला हवं. एक जण बाहेरून पोटावर दोन्ही हात ठेवून दुसऱ्या बाळाला उभं धरून ठेवतो, ते आडवं पडू नये म्हणून. एक जण सोनोग्राफीने डोकं कुठे आहे, ठोके कसे आहेत ते बघतो. मंदावलेल्या कळा वाढवायला सलाईनमधून औषध सुरू होतं. भूलतज्ज्ञ, रक्त, शेजारचं ऑपरेशन थिएटर, दोन बाळांसाठी दोन बालरोगतज्ज्ञ, सगळं तयार लागतं. दुसरं आडवं असेल तर डॉक्टर पाण्याची पिशवी शाबूत असतानाच हात आत घालतात आणि दिसत नसताना, केवळ स्पर्शाने, पाय शोधतात. हातात आलेली बोटं हाताची की पायाची, हे ओळखायची खूण म्हणजे टाच. हाताला टाच नसते. टाच सापडली की पाय धरून बाळाला हळूहळू वळवत बाहेर आणायचं. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोआझ पारेने पुन्हा शिकवायला घेतलेली ही विद्या पुस्तक वाचून येत नाही. ती जुन्या हाताशेजारी उभं राहून नव्या हाताला येते.

आणि ती चालली आहे. 2000 साली टोरांटोमधूनच, मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली, पायाळू बाळांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ठरवून केलेलं सिझेरियन बाळाला अधिक सुरक्षित, असं तिने सांगितलं, आणि जगभर पायाळू बाळंतपणं जवळजवळ थांबली. त्या चाचणीवर पुढे बरेच आक्षेप आले. पण तोवर डॉक्टरांची एक आख्खी पिढी पायाकडून येणारं मूल हाती न घेताच तज्ज्ञ झाली होती. जुळ्यांतलं दुसरं बाळ बरेचदा पायाकडूनच येतं. ज्याने ते कधी केलेलं नाही, त्याने ‘सिझरच करू’ म्हणणं हा प्रामाणिकपणा आहे, आणि अशा डॉक्टरच्या हाती सिझेरियनच अधिक सुरक्षित आहे. मला खटकतं ते एवढंच, की ‘मला येत नाही’ असं न म्हणता ‘होत नाही’ असं सांगितलं जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21मध्ये, देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. हे आकडे सगळ्या बाळंतपणांचे आहेत, नुसत्या जुळ्यांचे नाहीत, पण वारा कुठल्या दिशेने वाहतो ते यावरून कळतं. पुण्या-मुंबईत रक्तपेढी आणि थिएटर हाकेच्या अंतरावर असताना जुळ्यांच्या कळा पाहायला कोणी थांबलं नाही, तर नव्या डॉक्टरने शिकायचं कुठे? आणि धडगाव-भामरागडकडची बाई ग्रामीण रुग्णालयाच्या दारात पोचते तेव्हा पहिलं डोकं दिसू लागलेलं असतं. ‘नॉर्मल की सिझर’ हा प्रश्न तिच्यासाठी संपलेला असतो. तिला हवे असतात ती टाच ओळखणारे हात. ते नसले तर तामारच्या सुईणीनंतर आपण कुठे पोचलो, याचं उत्तर सरकारने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी द्यावं. पुण्यातल्या गर्भार बाईवर विद्या जगवण्याचं ओझं टाकणं मला साफ नामंजूर आहे. तिने आपलं आणि आपल्या दोन लेकरांचं पाहावं.

ते पाहताना तिच्या बाजूच्याही गोष्टी मोजायला हव्यात. पुढे आणखी मूल हवं असेल, तर प्रत्येक सिझेरियननंतर वार जुन्या व्रणावर चिकटण्याचा धोका वाढत जातो. हेच शेवटचं बाळंतपण असेल, तर ते कारण हलकं पडतं. वर्षानुवर्षांच्या उपचारांनंतर दिवस गेले असतील आणि कळांची धास्तीच सोसवत नसेल, तर ठरवून सिझेरियन मागणारी बाई भित्री नाही. तसंच अनुभवी हात आणि सगळी तयारी असलेल्या ठिकाणी कळा द्यायच्या म्हणणारी बाई हट्टी नाही. पंचांगातल्या चांगल्या दिवसाला मात्र यात जागा नाही. मुहूर्तासाठी आठवडाभर आधी काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांना तो मुहूर्त कळत नाही.

भाचीने पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं, ‘‘पहिलं झाल्यावर दुसरं आडवं आलं, तर तुम्ही काय कराल?’’ डॉक्टर थोड्या थांबल्या आणि सरळ म्हणाल्या, की अशी बाळंतपणं त्यांनी फारशी केलेली नाहीत, हवं तर त्या दुसरीकडे चिठ्ठी देतील. भाचीने विचार करून सिझेरियनच ठरवलं, त्याच डॉक्टरांकडे. निर्णय तोच राहिला, पण या वेळी तो तिने घेतला होता. मुली झाल्या, दोघीही ठणठणीत आहेत.

घरात जुळ्यांची चाहूल असेल, तर एवढं करा. पहिल्या सोनोग्राफीतली वारेची नोंद मागून घ्या. भाचीने विचारला तोच प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या रात्री भूलतज्ज्ञ दवाखान्यात असेल की घरून येईल, रक्त किती लांबून आणावं लागेल, हेही विचारा. आणि हे सगळं ऐकून झाल्यावर दिवस, पैसे, सुट्ट्या यांची बोलणी सुरू करण्याआधी, तिला काय वाटतं ते तिला बोलू द्या.