पाऊस पडला तरी

"आम्ही तरी कुठं श्रीमंत होतो? मग जातीचं काय घेऊन बसलात?" पारावर दलित लेखकाच्या पुस्तकाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. बोलणारा खोटं बोलत नसतो. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा मराठवाड्यातले जमीनवालेसुद्धा भूमिहीनांच्या शेजारी बसून खडी फोडत होते. मिलो सगळ्यांच्याच ताटात होती. मी तेव्हा पोरगाच. आमच्या कामावर ऊन सगळ्यांना एकच होतं, पाण्याचे रांजण मात्र दोन होते.

भूक अन् जात यांतला फरक मला गोष्टींनी नीट दाखवला. अण्णा भाऊ साठेंच्या 'स्मशानातलं सोनं'मधला भीमा खाण बंद पडल्यावर मढी उकरून सोनं शोधतो, त्यात हाताची बोटं गमावतो. खाण पुन्हा सुरू होते, पण बोटं गेल्यावर. ही भुकेची गोष्ट. काम वेळेवर मिळालं असतं तर तो वाचला असता.

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं. त्यातल्या माणसाला गुजरातेत रेल्वेची नोकरी आहे, भाकरीची ददात नाही. तरी जात कळल्यावर त्याला मार बसतो. प्रेमचंदांच्या 'ठाकुर का कुआँ'मध्ये तर विहिरीला पाणी आहे, पण गंगीला ते रात्री चोरून काढायला जावं लागतं. तिथं पाऊस कितीही पडला तरी उपयोग काय?

बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श'ही इथूनच निघायचं. ज्यांच्यावर गोष्टी लिहिल्या जायच्या, ते स्वतः लिहू लागले. त्यांनी आपल्याकडं कीव मागितली नाही.

वाचताना डोळ्यांत पाणी येतं, ते बरंच आहे. पण भीमाला पायलीभर जवारी देऊन आपण मोकळे होऊ शकतो. बागुलांच्या माणसाला काय द्यायचं? त्याच्यासाठी आपला मोठेपणा सोडावा लागतो, अन् तिथं आपला हात आखडतो.

आजही शहरात शिकायला गेलेल्या पोराला खोलीवाला आधी आडनाव विचारतो. भाड्याचे पैसे खिशात असून पोरगं घुटमळतं. त्याला कुणी सांगावं का, की आम्हीपण गरीबच होतो म्हणून?