सव्वीस आठवड्यांनंतर

भारतीय कायदा आणि भारतीय शिक्षणव्यवस्था यांनी मुलाच्या पहिल्या सहा वर्षांचा जो हिशेब मांडला आहे, त्यात एक मोठी मोकळी जागा राहून गेली आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. दुसऱ्या टोकाला अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पायाभूत टप्प्याची सुरुवात तिसऱ्याच वर्षी मानली आहे. मधल्या अडीच वर्षांत अंगणवाडी घरी न्यायचा पोषण आहार देते, परंतु बहुतेक ठिकाणी मूल सांभाळत नाही. मूल रांगू लागते, उभे राहते, पडते, बोबडे बोलू लागते आणि पहिला हट्ट धरते तो हा सगळा काळ घराने आपला आपण निभावून न्यायचा असतो, आणि शहरी मध्यमवर्गीय कुटुंबात त्याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक वेळा नोकरी सोडलेल्या एका प्रौढ व्यक्तीने, असा होतो. या नव्या जीवनक्रमात रुळताना त्या व्यक्तीला, मग ती आई असो वा क्वचित बाप, जे जड जाते ते तिच्या स्वभावाचे, सोशिकपणाचे किंवा मायेचे माप आहे असे सर्रास समजले जाते. ही समजूत चुकीची आहे आणि अन्यायाचीही आहे. ही अडचण मुळात काळाच्या दोन व्यवस्थांमधल्या ओढाताणीची आणि माणसांच्या तुटवड्याची आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकट्या व्यक्तीच्या मनोनिग्रहाने सुटणाऱ्या नाहीत.

काळाचा प्रश्न आधी घ्यावा लागतो, कारण तो सहसा कोणी घेत नाही. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉमसन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात कामाचे दोन प्रकार वेगळे केले. पहिल्यात काम जेव्हा समोर येईल तेव्हा आणि जितके लागेल तितके करायचे असते, जसे शेतीत, मासेमारीत किंवा गुराढोरांच्या देखभालीत होत असे. त्याला कार्यनिष्ठ काळ म्हणता येईल. दुसऱ्यात कामाचे तास ठरतात, त्यांची किंमत ठरते आणि वेळ ही खर्च करण्याची किंवा वाचवण्याची वस्तू बनते. हा घड्याळनिष्ठ काळ कारखान्यांबरोबर रुजला आणि शाळेने तो मुलांच्या अंगी बाणवला. थॉमसन यांनी तिथेच नोंदवले आहे की औद्योगिक समाजातही लहान मुलांची आई पूर्णपणे घड्याळाच्या राज्यात आलेली नसते, ती अजून वेगळ्याच मानवी लयींकडे लक्ष देत जगत असते. हे निरीक्षण ज्या काळाला लागू होते त्या काळातली आई बहुधा थेट एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली असे. आजचा पालक मात्र पंधरा-सोळा वर्षे शाळा-कॉलेजात, नंतर काही वर्षे कचेरीत, ठरलेल्या मुदतींत आणि संपलेल्या कामांच्या याद्यांत वाढून मगच या दुसऱ्या काळात पाऊल टाकतो. कचेरीत संध्याकाळी काय झाले ते सांगता येते. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाबरोबर काढलेल्या दिवसाबद्दल, तो कितीही दमवणारा असला तरी, संध्याकाळी सांगण्याजोगे फारसे काही उरत नाही. सकाळी आवरलेली खोली दुपारपर्यंत पुन्हा तशीच होते, भरवलेला वरणभात अर्धा फरशीवर असतो आणि तीन तासांपूर्वी धुतलेले कपडे पुन्हा बादलीत आलेले असतात.

तथापि या वयाच्या मुलाचा दिवस विस्कळीत असतो, असे म्हणणे हा प्रौढांचा दृष्टिदोष आहे. दीड वर्षाच्या मुलाच्या हाती स्टीलचा डबा आणि त्याचे झाकण आले की ते झाकण लावते, काढते, उलटे लावून पाहते, बसत नाही म्हणून डब्यावर आपटते, मग अपघाताने ते बरोबर बसते तेव्हा होणारा आवाज ऐकून थबकते, जवळच्या माणसाकडे पाहते आणि सगळा क्रम पहिल्यापासून सुरू करते. चमचा पाटावरून खाली टाकण्याचा आणि तो उचलून मिळताच पुन्हा टाकण्याचा उद्योगही याच जातीचा. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले की सुमारे दोन वर्षांपर्यंतचे मूल इंद्रियांनी आणि हालचालींनीच विचार करते, आणि नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी असतेच, हे ज्ञान, ज्याला वस्तूचे स्थायित्व म्हणतात, ते मुलाला याच काळात टप्प्याटप्प्याने कमवावे लागते. झाकणाखालचा दाणा आहे की गेला, टाकलेला चमचा दर वेळी खालीच जातो की कधी वरही जाईल, या प्रश्नांची तपासणी मूल ज्या एकाग्रतेने करते ती एकाग्रता मोठ्यांना क्वचितच साधते. तुटक असते ते पालकाचे लक्ष, कारण त्याच वेळी गॅसवर दूध असते, कुकरची शिट्टी मोजायची असते, दाराची बेल वाजते आणि मुलाचा दुसरा हात सॉकेटकडे निघालेला असतो. म्हणजे एकाच खोलीत एक जीव अखंड लक्ष देऊन काम करीत असतो आणि दुसऱ्याला कोणतेही काम अखंडपणे करण्याची मुभा नसते. पालकाचा खरा शीण इथला आहे. शरीर काहीच करीत नाही असे दिसत असतानाही चालू राहणारी ही निगराणी, कोणत्याही क्षणी उठण्याची ही तयारी, डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून ती काम मानली जात नाही.

काम मानण्या-न मानण्याचा हा प्रश्न अर्थशास्त्रात जुना आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी १९३४ साली घरगुती उत्पादनावरील ग्रंथात एक कसोटी सुचवली, जी पुढे तिसऱ्या व्यक्तीची कसोटी म्हणून ओळखली गेली: जे काम पैसे देऊन परक्या माणसाकडून करून घेता येते, ते घरात विनामोल झाले तरी उत्पादनच होय. या कसोटीने स्वयंपाक, धुणे, मुलाला न्हाऊमाखू घालणे ही सर्व कामे उत्पादन ठरतात, परंतु राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रचलित हिशेबात घरच्यांसाठी घरच्यांनी केलेल्या या सेवा धरल्या जात नाहीत. भारतात २०२४ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची विनावेतन देखभाल करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी १३७ मिनिटे आणि पुरुष ७५ मिनिटे खर्च करतात असे आढळले. घरकामात हेच आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटांचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा खटल्यापासून २०२१ च्या कीर्ती खटल्यापर्यंत गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे हे वारंवार मान्य केले आणि २०१० च्या एका निकालात तर जनगणनेत गृहिणींना काम न करणाऱ्यांच्या गटात टाकण्यावर कठोर टीकाही झाली. हे निकाल मोलाचे आहेत. पण ते अपघाती मृत्यूनंतरच्या नुकसानभरपाईचे आहेत, म्हणजे ती व्यक्ती घरात नसल्यावरच तिच्या दिवसाचा हिशेब मांडण्याची वेळ येते, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

रीड यांच्या कसोटीची एक मर्यादाही इथे लक्षात घ्यायला हवी. दीड-दोन वर्षांचे मूल घरभर हिंडून दर थोड्या वेळाने एका विशिष्ट माणसापाशी येऊन टेकते आणि पुन्हा निघते. त्या माणसाच्या जागी दुसरे कोणी बसलेले असले तर ते रडते, कधी कधी तासभर रडते. देखभालीतला हा भाग ताबडतोब बदली देऊन भागत नाही, तो ओळखीने आणि दिवसांनी तयार होतो. म्हणून घरी राहणाऱ्या पालकाच्या कामाला मोलकरणीच्या किंवा पाळणाघराच्या दराने गुणून किंमत काढणे अपुरे पडते. मात्र याच सत्याचा उलटा उपयोग करून, मुलाला आईच लागते, तेव्हा तिने घरी राहणे हाच निसर्ग, असे म्हणणे हा त्याहून मोठा घोटाळा आहे. मुलाला ओळखीचे माणूस लागते आणि अशी ओळखीची माणसे अनेक असू शकतात.

मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे की मानवी मूल इतकी वर्षे परावलंबी असते की एकट्या आईला ते वाढवणे कधीच शक्य नव्हते. आजी, मावशी, मोठी भावंडे, बाप, शेजारी अशा सह-पालकांच्या आधारानेच ही जात टिकली. मराठी समाजाला हे सांगण्यासाठी ग्रंथाची गरज पडू नये. पाचवीचे पूजन, सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बारसे, उष्टावण, जावळ, संक्रांतीनंतरचे बोरनहाण या सगळ्यांत बाळाभोवती आणि बाळंतिणीभोवती माणसे गोळा करण्याची एक रीत आहे. परंतु बारकाईने पाहिले तर आईला सांभाळणारी रीत सव्वा महिन्याशी संपते. त्यानंतरचे विधी मुलाचे असतात. माहेरून परत आलेल्या आणि रजा संपल्यावर नोकरी सोडलेल्या बाईसाठी, तिच्या आयुष्यातल्या या वळणासाठी, कोणताही विधी नाही, लाडू नाहीत आणि येणारे-जाणारेही नाहीत. ‘श्यामची आई’ या १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या पुस्तकाने मराठी मनात आईच्या त्यागाची एक उत्कट प्रतिमा घडवली. ती प्रतिमा आदराने जपावी अशीच आहे, पण वाचक त्याग लक्षात ठेवतो आणि त्या आईभोवतीचे कोकणातले गाव, आळी, नातेवाईक विसरतो. पुण्या-ठाण्याच्या इमारतीत सातव्या मजल्यावर, बंद दारामागे, एका मुलासह दिवसाचे दहा तास काढणारी आई तोच आदर्श उराशी धरते आणि त्याला पुरी पडत नाही म्हणून स्वतःला दोष देत राहते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली ती अशा दोषभावनेवर उतारा म्हणून उपयोगी पडते: तान्ह्याच्या प्रत्येक हाकेला धावणारी आई हळूहळू, मुलाला सोसेल इतक्याच प्रमाणात, कमी पडू लागते आणि त्या कमी पडण्यातूनच मुलाला बाहेरच्या जगाची ओळख होते.

एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याचा मोह मात्र टाळायला हवा. तिथे सह-पालक होते, पण त्यांतल्या पुष्कळशा स्वतःच मुली होत्या, कडेवर भावंड घेऊन वाढलेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला काम उभे केले तेव्हा आदिवासी पाड्यांवरच्या शिक्षणाआड येणारी एक अडचण हीच होती की मोठी मुले धाकट्यांना सांभाळीत घरी राहत. या दोघींनी मुलींना त्यागाचे किंवा आयांना कर्तव्याचे धडे दिले नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून विकासवाडी उभारली, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. तान्ह्या मुलाचा सांभाळ हा कुटुंबाच्या अंतर्गत कारभाराचा भाग न मानता वस्तीच्या शिक्षणाचा भाग मानणे, हा या प्रयोगाचा गाभा होता. देशभर पसरलेल्या योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले; धाकट्यांचा सांभाळ मात्र तिच्या केंद्रस्थानी आला नाही.

घरातल्या घरात जे बदलता येते तेही थोडे नाही, आणि ते प्रामुख्याने संध्याकाळी बदलावे लागते. लोकलच्या गर्दीतून सात-साडेसातला घरी आलेली व्यक्ती दमलेली असते यात शंका नाही, आणि घरी असलेली व्यक्तीही दमलेली असते; फरक इतकाच की पहिलीच्या कामाला सुटण्याची वेळ असते. रोज ठरलेला दीड-दोन तासांचा अवधी, ज्यात दुसरा पालक मुलाचा संपूर्ण ताबा घेतो, कपडे कुठल्या कप्प्यात आहेत आणि खोकल्याचे औषध किती द्यायचे हे विचारत बसत नाही, त्याने घरी राहणाऱ्या व्यक्तीला पुन्हा सलग वाक्यात विचार करता येतो. पैशाचाही प्रश्न आहे. काल-परवापर्यंत स्वतःच्या पगारातून खर्च करणाऱ्या व्यक्तीला भाजीच्या आणि रिक्षाच्या पैशांसाठी मागावे लागणे हा बारीक पण रोजचा अपमान आहे, आणि दरमहा ठरावीक रक्कम तिच्या खात्यात न मागता जमा होणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. बाप घरी राहतो तेव्हा यात आणखी एक भर पडते, कारण त्याची नोकरी गेली असावी असेच शेजारी धरून चालतात आणि बागेतल्या आयांच्या घोळक्यातही त्याला जागा मिळत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला बालसंगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा मिळू शकते आणि मूल झालेल्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. हे आकडे मूल कोणाचे काम आहे ते सांगून मोकळे होतात.

२०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. ही तरतूद चांगली आहे, परंतु ज्याने नोकरी सोडलीच आहे त्याला तिचा उपयोग नाही, आणि लहान दुकाने, घरकाम, शेती यांत राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांनाही नाही. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि ज्या वर्गाजवळ सर्वांत कमी साधने होती त्याच्यासाठी झालेला हा विचार मध्यमवर्गीय वसाहतींनी आपल्यासाठी केलेला नाही. गृहनिर्माण संस्थांचे सभागृह वर्षातून काही दिवस गणपतीला आणि वार्षिक सभेला उघडते व एरवी कुलूपबंद असते. आठवड्यातून चार सकाळी ते दोन तास उघडावे, फरशीवर सतरंजी आणि मधोमध डबे, झाकणे, वाट्या असाव्यात, पाच-सहा घरांतल्या पालकांनी आणि हौशी आजी-आजोबांनी पाळीपाळीने बसावे, इतकीच याची सुरुवात आहे. पहिले काही आठवडे प्रत्येक पालकाने मुलासोबतच थांबायला हवे, कारण ओळख होण्याआधी सोडून गेले तर मुले रडतात आणि मग कोणीच पुन्हा येत नाही; ओळख झाली की दोघांनी थांबावे आणि बाकीच्यांनी जावे, बँकेत, दवाखान्यात, किंवा नुसते घरी जाऊन झोपावे.