ठोका चुकतो तेव्हा

दाराशी तारवाला उभा राहिला की घरातल्या माणसांच्या काळजाचा ठोका चुकत असे. तारसेवा २०१३ साली बंद झाली. पुढे ते काम अपरात्री वाजणाऱ्या फोनकडे आले. बातमी कळण्यापूर्वीच्या त्या क्षणी हृदयाचे नेमके काय होते?

भयाने हृदय धडधडते, असे आपण सरसकट म्हणतो. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु अप्रिय गोष्ट काही सेकंदांवर येऊन ठेपली आणि करण्यासारखे काही उरले नाही, तर हृदयाची गती बहुधा मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. व्हेगस हा मज्जातंतू तेव्हा जणू लगाम ओढतो. बाहेरच्या जगाकडे लक्ष एकवटलेल्या माणसातही अशीच मंदगती जॉन व बीॲट्रिस लेसी या अमेरिकन दांपत्याने नोंदविली होती. म्हणजे त्या क्षणी हृदय पळत नसते, कान देऊन ऐकत असते. 'ठोका चुकला' या शब्दप्रयोगात अतिशयोक्ती असेल. निरीक्षण मात्र खोटे नाही.

मग असह्य काय होते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विजेचा चटका बसणारच, हे ठाऊक असताना लोकांना जितका ताण आला, त्याहून अधिक ताण बसण्याची शक्यता निम्मी असताना आला. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्याकडे प्रयोगशाळेवाचूनच कळलेले होते.

येथे प्रश्न नीतीचा होतो. माझ्या वडिलांच्या तपासणीचा अहवाल आम्ही भावंडांनी आठ दिवस दडवून ठेवला. 'त्यांना सोसणार नाही,' हे आमचे कारण. आमच्या कुजबुजीवरून त्यांनी काहीतरी ताडले होतेच. अखेर सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आता निदान झोप तरी लागेल." त्या आठ दिवसांत आम्ही जपले होते ते स्वतःलाच.

प्रत्येकाला सारे जाणून घ्यायचे असते, असे नाही. तेव्हा आधी विचारावे, मग बेताने सांगावे. परंतु न विचारताच कुणाला अर्धवट अंधारात ठेवणे आणि त्याला दया म्हणणे योग्य नव्हे. ऐकण्यासाठी त्याचे हृदय थांबलेले असते. धीर कमी पडतो तो सांगणाऱ्याचा.